समुद्र नसलेल्या शहरात माशाचं जेवण

आमच्याकडे समुद्र पहिल्यांदा आला तो पोत्यातून. माजलगावच्या आठवडी बाजारात एका कोपऱ्यात सुकट, सुके बोंबील आणि वाळलेले झिंगे घेऊन बायका बसायच्या. तिकडून वारा आला की आई पदर नाकाला लावून दुसऱ्या ओळीत वळायची. आजी मात्र पावशेर सुकट घेतल्याशिवाय घरी यायची नाही. ओला मासा म्हणजे धरणाचा, तोही भोई गल्लीतून कुणी दारावर आणला तर. पापलेट हा शब्द मी नोकरीला शहरात आल्यावर ऐकला.

शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पहिल्या पगाराच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मला जुन्या शहरातल्या एका मच्छी खानावळीत नेलं. फरशी झिजलेली, गल्ल्यावर म्हातारे शेठ, कोपऱ्यात पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. त्या दिवसापासून मी तिथे जातो. नाव सांगणार नाही, कारण एकदा सांगितलं की रविवारी मलाच जागा मिळणार नाही. लातूर, परभणी, नांदेडकडचे पाहुणे आले की हटकून विचारतात, “मासे कुठं खायचे?” खरा प्रश्न कुठं हा नसून कधी आणि कोणते हा आहे. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही. त्यामुळे इथे मासा कार्ड बघून नाही, पाणी बघून मागवायचा.

आधी पाणी ओळखा

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या मच्छी खानावळीत दोन पाण्यांचा माल येतो.

पहिलं पाणी धरणाचं. संभाजीनगरासाठी ते जायकवाडी. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं आणि जलाशयाला नाथसागर नाव पडलं. एकनाथ महाराजांच्या नावाच्या पाण्यातला मासा खातो म्हणून माझी आत्या अजून मला टोमणे मारते. मी मान खाली घालून खातो. धरण पैठणला, आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. कोळी-भोई मंडळी संध्याकाळी जाळी टाकतात, पहाटे ओढतात, आणि तोच माल दुपारच्या आत शहरात पोचतो. बीडकडे माजलगाव आणि मांजरा, परभणी-हिंगोलीकडे येलदरी आणि सिद्धेश्वर, नांदेडला विष्णुपुरी. गाव बदललं की धरण बदलतं, हिशेब तोच राहतो.

या धरणांत रोहू, कटला, मृगळ हे मासे मुद्दाम सोडलेले असतात. मच्छीमार सहकारी संस्था मत्स्यबीज आणून सोडतात. बोटभर लांबीच्या त्या पिल्लांना ‘बोटुकली’ म्हणतात. सायप्रिनस आणि चिलापी हे मुळात परदेशी, पण आता इथलेच होऊन बसलेत. मरळ, वांब, शिंगाडा हे मूळचे आपल्या नद्यांचे.

दुसरं पाणी खारं. पापलेट, सुरमई, रावस, हलवा, बांगडा, ओले बोंबील हा माल प्रामुख्यानं मुंबईच्या धक्क्यांवरून बर्फ आणि थर्माकोलच्या पेट्यांत येतो. हा रस्ता पूर्वी रात्रभराचा होता. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि तो बराच आटोपशीर झाला. पण रस्ता कितीही छोटा झाला तरी मोठ्या बोटी समुद्रात कित्येक दिवस राहून मग धक्क्याला लागतात, हे विसरू नका. तुमच्या ताटातली सुरमई ‘आजची’ असेल ती गाडीतून उतरण्यापुरती. त्यात वाईट काही नाही. बर्फ शेवटपर्यंत टिकला असेल तर मासा उत्तम राहतो. सगळा प्रश्न त्या ‘शेवटपर्यंत’चा आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो.

म्हणून माझा नियम: पहिल्यांदा जाणाऱ्यानं धरणाचा मासा मागवावा, खारा दुसऱ्या खेपेला. शहरात नवखे लोक नेमकं उलटं करतात. पापलेट म्हणजे श्रीमंती आणि रोहू म्हणजे गावठी, असं डोक्यात बसलेलं असतं. पापलेट २०२३ साली आपला राज्यमासा झाला हे खरं, पण शेजारच्या तेलंगणानं राज्यमासा म्हणून मरळ निवडली आहे, तेही लक्षात असू द्या.

महिना आणि वार

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत संभाजीनगरात ‘ताजं पापलेट’ अशी पाटी दिसली तर हसून पुढे जा. ते शीतगृहातलं असतं, पूर्व किनाऱ्याकडून फिरून आलेलं असतं किंवा लहान होडीतलं असतं, आणि लहान होडीतलं इतक्या लांब येत नाही. जून-जुलैत धरणाच्या माशावरच भर ठेवा. रोहू-कटल्याच्या जातीची वीण पावसाळ्यात होते, त्यामुळे या दिवसांत गाबोळी मिळते. तव्यावर परतलेली गाबोळी आणि भाकरी याला मी नाही म्हणू शकत नाही. पोटभर अंडी घेतलेले मासे सर्रास ओढू नयेत असं मनात येतं, मग प्लेट येते.

आषाढ संपता संपता, गटारीच्या आधीच्या आठवड्यात, चुकूनही जाऊ नका. खानावळ तीच, आचारी तोच, पण गर्दी तिप्पट आणि रस्सा पातळ. पुढे श्रावणात बऱ्याच जागा बंद असतात किंवा अर्धं स्वयंपाकघर चालू ठेवतात, माल कमी उचलतात. भाद्रपदात गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. या मुलखात माशाचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. धरण भरलेलं, हवा थंड, बर्फ टिकतो, आणि समुद्राचाही माल भरपूर.

वाराचं गणित मला गल्ल्यावरच्या शेठनी शिकवलं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी काहींचा देवीचा उपास. ज्या दिवशी गिऱ्हाईक कमी त्या दिवशी माल पडून राहतो, आणि पडून राहिलेला माल दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ताटात जातो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाणाऱ्यांचे वार. त्यातही बुधवार सगळ्यात चांगला: माल भरपूर येतो, पण रविवारची रेटारेटी नसते. शुक्रवारी जाणार असाल तर जुन्या शहरात एक ते दोनच्या मध्ये नमाजाला माणसं जातात, वाढपी कमी असतात. साडेबाराला बसा नाही तर अडीचला.

दुपारीच का

पहाटे ओढलेलं जाळं, सकाळी उतरलेली पेटी, दहा-अकराला साफ करून मीठ-हळद लावलेले पीस, बाराला पहिली कढई. या साखळीच्या तोंडाशी बसायचं असेल तर साडेबारा ते दीड. तेव्हा तवा तापलेला असतो, पण तेल जुनं झालेलं नसतं. रात्री तेच तेल, तेच पीस आणि दमलेला आचारी.

सकाळी नाश्ता हलका ठेवा. जुन्या शहरात जायचं म्हटलं की पाहुण्यांना आधी नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आठवतो. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. एकाच दिवशी दोन्ही करणाऱ्या एका परभणीच्या मित्राला मी दुपारी चार वाजता रिक्षात घालून घरी आणलंय.

दारात उभं राहून काय बघायचं

‘स्थापना’ अमुक साली, अशी पाटी मी वाचत नाही. जुनी खानावळ म्हणजे जिथे मासा लवकर संपतो. रोजचे गिऱ्हाईक ठरलेले असतात, त्यांना किती लागणार हे मालकाला माहीत असतं, म्हणून तो बेतानं माल घेतो. तीन वाजता ‘संपलं’ म्हणणारी जागा चांगली. कार्डावर चाळीस प्रकार आणि रात्री अकरालाही सगळं ‘मिळेल’ असं सांगणारी जागा म्हणजे फ्रीजर चालवणारी जागा.

वास घ्या. मसाला भाजल्याचा, लसणाचा, तव्यावरच्या माशाचा वास हवा. अमोनियासारखा, नाकात चुरचुरणारा वास आला तर तिथूनच परत फिरा. काही ठिकाणी दाराशी बर्फावर मासे मांडलेले असतात. तिथे लाजू नका. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. कल्ला उचलून दाखवायला सांगा: लाल किंवा गुलाबी ठीक, तपकिरी नको. बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. मरळ जिवंत मिळते, कारण ती पाण्याबाहेरची हवा घेऊन तग धरते. मासळी बाजारात पाण्याच्या टबात वळवळत असते. मरळ बर्फावर निपचित पडलेली दिसली तर तिला आधी का मरू दिलं, एवढं तरी विचारा.

भिंतीवर अन्न परवाना लावलेला असतो, त्यावर चौदा आकडी क्रमांक असतो. २०२२ पासून तो बिलावरही छापायचा आहे. एवढं नजरेखाली घाला आणि बसा.

मेनूकार्ड बंद ठेवा

पाणी आलं, कार्ड आलं. ते उघडू नका. वाढायला येणारे गृहस्थ वयस्क असतील तर ‘मामा’, तरुण असेल तर ‘दादा’. “ए वेटर” म्हणणाऱ्याला शेपटीचा पीस मिळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिला प्रश्न: “मामा, आज धरणाचं काय आलंय?” ‘ताजं आहे का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर जगात कुणीच ‘नाही’ देत नाही. ‘आज काय आलंय’ म्हटलं की माणूस आपोआप खरं बोलतो. आमचे मामा लातूरकडचे आहेत. ते सांगतात, “कटला चांगला हाय, मरळ संपूलालीय, लवकर सांगा. सुरमई नका घेऊ.” शेवटचं वाक्य ज्या दिवशी ऐकायला मिळालं, त्या दिवसापासून ती खानावळ तुमची.

दुसरा प्रश्न: “केवढ्याचा मासा आहे?” रोहू दीड-दोन किलोचा असेल तर चवीला सगळ्यात बरा. अर्धा किलोच्या रोहूत काटेच काटे. कटला मात्र मोठा हवा, तीन किलोच्या वरचा, कारण त्याचं डोकं खायचं असतं.

तिसरा, भावाचा. कार्डावर पापलेट, खेकडे, मोठी कोळंबी यांच्यासमोर आकडा नसतो. ‘आकारानुसार’ असं लिहिलेलं असतं. तिथे तोंड उघडून विचारायचंच. पहिल्या वर्षी एका दुसऱ्याच हॉटेलात मी भीड म्हणून विचारलं नाही, आणि एका पापलेटाचे पैसे चार थाळ्यांएवढे निघाले. महिन्याचे उरलेले दिवस मेसमध्ये काढले. आता मी “मासा दाखवा, मग भाव सांगा, मग टाका” या क्रमानं चालतो. कुणीही रागावत नाही.

काय मागवायचं

दोघे असाल तर: एक धरणाच्या माशाची थाळी, एक प्लेट फ्राय, वरून दोन भाकरी. बस. चौघे असाल तर दोन थाळ्या, मरळ असेल तर तिचा रस्सा वेगळा, एक फ्राय, आणि भात शेवटी एकच फुल. लोक आधी सगळं मागवतात आणि मग थंड झालेला मासा चिवडत बसतात. तळलेला मासा पाच मिनिटांत खायचा असतो. दोन हप्त्यांत मागवा.

रोहू फ्राय करून घ्या, रस्सा कटल्याचा घ्या. रोहूच्या पिसात पोटाचा पीस मागा: तिथे फक्त बरगड्यांचे मोठे काटे असतात, सहज निघतात. पाठ आणि शेपटीकडे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुफाट्याचे बारीक काटे असतात, तेच घशात अडकतात. कटल्याची मुंडी रस्स्यात सांगा. ज्याला खाता येते तो टेबलावर अर्धा तास गप्प बसतो.

मरळ महाग असते आणि असायलाच हवी. तिला हे बारीक काटे नसतात, मांस घट्ट, रस्स्यात विरघळत नाही. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्याच्या रुग्णांना जिवंत मासा गिळायला देतात, तो मरळीचाच. त्या उपचारावर माझा विश्वास नाही, पण मरळीवर आहे. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर डोळे झाकून मरळ. ती नसेल तर वांब. दिसते सापासारखी म्हणून बायको हात लावत नाही, पण चवीला तेलकट आणि गोड. चिलापीही काट्यांना सोपी आणि स्वस्त, फ्राय करूनच खावी.

कार्डावर नुसतंच ‘फिश टिक्का’, ‘फिश फिंगर’ किंवा ‘बोनलेस फिश’ असेल आणि माशाचं नाव नसेल तर तो बहुतेक वेळा पंगस असतो, म्हणजे बाजारातला बासा. वाईट नाही, पण त्यासाठी जुन्या खानावळीत यायची गरज नाही. मोठी कोळंबी धरणाची समजू नका; ती बहुतेक वेळा भारतात २००९ पासून तळ्यांत वाढवली जाणारी व्हेनामी जातीची असते आणि तिचं सगळ्यात मोठं आगार आंध्र. ती चांगली शिजली तर अर्धगोल राहते. घट्ट गुंडाळी झाली की ती रबर झालेली असते. पाठीतला काळा दोरा काढलाय का, ते बघा. न काढणाऱ्या खानावळीत मी कोळंबी मागवत नाही.

खारा मासा घ्यायचाच तर मसाल्यात बुडवलेला नको. तवा फ्राय घ्या, रव्याशिवाय. रवा आणि लाल रंग पुष्कळ काही झाकतात. सुरमईचा काप तोडल्यावर पापुद्र्यासारखे थर सुटायला हवेत, मांस मधल्या काट्याला धरून असायला हवं. पिठासारखं भुगभुशीत झालं तर तो मासा म्हातारा आहे. परत पाठवा, शांतपणे. जुन्या जागेत बदलून देतात.

रस्सा आपला, कोकण कोकणाचं

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे प्रत्येक मच्छी हॉटेलावर ‘मालवणी’ पाटी लागली आहे. ओल्या नारळाचं वाटण, तिरफळ, कोकम यांचं जेवण मालवणात खावं. आपल्याकडे ओला नारळ उगवत नाही. आपला रस्सा सुक्या खोबऱ्याची वाटी विस्तवावर काळी करून, कांदा भाजून, तीळ-खसखस, लसूण आणि काळ्या मसाल्यावर उभा राहतो. वर चिंचेचा कोळ.

ती चिंच हौसेची नाही. धरणाच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. तो चिखलाचा नसतो. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात आणि तो माशाच्या कातडीत आणि चरबीत साठतो. पहिल्या पावसाला मातीचा जो सुगंध येतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. आंबटात ते मोडतं. म्हणून आजी रोहूचे पीस ताकात किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवायची, म्हणून खानावळीतही लिंबू-मीठ चोळून ठेवतात. तुमच्या रस्स्याला मातकट चव आली तर लिंबू पिळा, पाच मिनिटं थांबा, मग खा. तरीही राहिली तर त्यांनी मासा नीट मुरवला नाही, एवढं नक्की.

भाकरी ज्वारीची, गरम, आणि आधी. भात शेवटी. आता एक महत्त्वाचं: आपल्याला भाकरी रस्स्यात कुस्करून काला करायची सवय. माशाच्या रस्स्यात तसं करू नका. पिसावरचा एक काटा काल्यात गेला की तो सापडत नाही. वेगळ्या वाटीत नुसता रस्सा मागा (बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा वाढतात), काला त्यात करा आणि मासा बाजूला ताटात ठेवून हातानं खा. काटा-चमचा वापरू नका. बोटांना काटा कळतो, चमच्याला कळत नाही.

सोलकढी मिळत असेल तर आधी अर्धा ग्लास मागून बघा. खरी सोलकढी मातकट गुलाबी असते, तिला लसूण-मिरचीचा हलका झटका असतो. भडक गुलाबी आली तर तो रंग. त्यापेक्षा कांदा, लिंबू आणि शेंगदाण्याची चटणी बरी.

काटा अडकला तर

खाताना बोलू नका, मोबाइल उलटा ठेवा. एवढ्यानं बहुतेक काटे टळतात. तरी अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायचा जुना उपाय करू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. खोका, पाणी प्या. टोचणं थांबत नसेल, गिळताना दुखत असेल, लाळेत रक्त दिसत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. श्वास अडत असेल तर थेट दवाखाना. वरवर दिसणारा काटा ते चिमट्यानं दोन मिनिटांत काढतात. माझा निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “रोहू की मृगळ?” संभाजीनगरच्या डॉक्टरांना जायकवाडी पाठ असते.

जीभ चुरचुरली तर

हे फार थोड्यांना माहीत असतं म्हणून जरा थांबून सांगतो. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) या जातीचे मासे मेल्यावर गरम राहिले तर त्यांच्या मांसात जिवाणू हिस्टामिन तयार करतात. एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा बर्फात ठेवूनही जात नाही. वास कधीकधी अगदी ठीक असतो. खूण जिभेवर मिळते: मिरी चावल्यासारखं चुरचुरतं, ओठ झिणझिणतात. थोड्या वेळात चेहरा-मान लाल होते, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. लोक याला ‘मासा सोसत नाही’ म्हणतात. बहुतेक वेळा दोष बर्फाचा असतो.

झणझणीत रस्स्यात ही खूण ओळखू येणार नाही. लांबून आलेली सुरमई साधी तव्यावर मागवायची ती यासाठी. पहिल्या घासाला चुरचुरलं की थांबा, मामांना सांगा, बाकीच्यांनाही खाऊ देऊ नका. लालसरपणा वाढला, धाप लागली तर डॉक्टरकडे. मला हे एकदाच झालं, एका जून महिन्यात, रात्री, हायवेवरच्या एका हॉटेलात. वर लिहिलेला प्रत्येक नियम मी त्या एका जेवणात मोडला होता.

बिल

जुन्या खानावळीत बिल चिठ्ठीवर येतं, तरीही वाचा. किती भाकरी, किती पीस, ‘आकारानुसार’चा भाव बोलल्याप्रमाणे लागला का. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी पाच टक्के असतो. जे दुकान लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहे त्याला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, ते ऐच्छिक आहे. नको असेल तर काढायला सांगा आणि तेच पैसे मामांच्या हातात द्या. मी बशीत ठेवत नाही, हातात देतो. पुढच्या बुधवारी ‘सुरमई नका घेऊ’ हे वाक्य त्यातूनच ऐकू येतं.

हात आणि डबा

साबणाआधी लिंबाची फोड बोटांना चोळा, नखांखाली विशेष. माशाच्या वासाला आंबट उतारा असतो. मग थंड पाणी, मग साबण.

घरच्यांसाठी न्यायचं असेल तर फ्राय नेऊ नका, घरी पोचेपर्यंत ते ओलं फडकं होतं. रस्सा न्या, मासा आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत. स्टीलचा डबा घरूनच आणलेला बरा. पिशवीत बांधलेला गरम रस्सा रिक्षात फुटला तर तो वास सीटमधून आठवडाभर जात नाही, आणि रिक्षावाला तुम्हाला ओळखून ठेवतो. दोन तासांत फ्रीजमध्ये घाला. रात्री एकदाच, उकळी येईपर्यंत गरम करा, उरला तर टाकून द्या. आणि आत्या घरी आली असेल तर डबा मागच्या दारानं आत न्या.